इंदूर ते सॅन फ्रान्सिस्को: प्रवास किती तासांचा धरायचा

इंदूरहून सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या भागात, म्हणजे बे एरियात यायचं ठरलं की घरात पहिला प्रश्न येतो, "किती तास लागतात गं?" आणि आपली इथली मंडळी बेधडक सांगून टाकतात, "सोळा." हे सोळा तास फक्त दिल्लीहून उडाल्यापासून सॅन फ्रान्सिस्कोला उतरेपर्यंतचे आहेत. त्यांच्या भरवशावर लोक रजा टाकतात, आई-वडिलांच्या गोळ्या मोजतात, मुंजीला पोचायची तारीख कळवतात, आणि मग सगळंच कोलमडतं. दर वर्षी कुणाचं तरी असं झालेलं बघते, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवते आहे. मी इंदूरच्या रामबागेत वाढलेली, आता बऱ्याच वर्षांपासून बे एरियातल्या फ्रीमाँटला राहते. येणाऱ्यांना घ्यायला विमानतळावर जाणं आमच्या घरात चालूच असतं.

आधी दारापासून दारापर्यंतचा हिशोब. समजा, तुम्ही सुदामा नगरातून निघालात. देवी अहिल्याबाई होळकर विमानतळ गावाच्या पश्चिमेला आहे, फार लांब नाही. तरी निरोप द्यायला अर्धी गल्ली येते, आजी दह्याची वाटी घेऊन उभी असते, त्यामुळे अर्धा तास धराच. उड्डाणाच्या दोन तास आधी आत. दिल्लीपर्यंत हवाई अंतर सुमारे ६६० किलोमीटर, दीड तास. दिल्लीत इमिग्रेशन, सुरक्षा तपासणी आणि पुढच्या विमानाची वाट यांत पाच तास. मग ते सोळा. इथे उतरल्यावर इमिग्रेशनची रांग आणि सामान यांना दीड तास, आणि घरी पोचायला पाऊण ते एक तास. सगळं वेळेवर झालं तर सत्तावीस-अठ्ठावीस तास होतात. वाटेत आणखी एक विमान बदलायचं असेल तर तीस ते छत्तीस. यापेक्षा कमी सांगणारा माणूस एक तर फक्त हवेतला वेळ सांगतोय, नाही तर विसरलाय.

आता अंतराचं. शाळेतल्या भिंतीवरच्या नकाशात अमेरिका डावीकडे असते, म्हणून वाटतं की विमान अरबी समुद्र, युरोप, अटलांटिक असं डावीकडे डावीकडे जात असेल. पृथ्वीच्या गोलावर इंदूर आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यामध्ये दोरा ताणून बघा. तो जवळजवळ सरळ उत्तरेला जातो, किंचित पूर्वेकडे कललेला. तिबेट, सायबेरिया, मग ७५ अंश उत्तर अक्षांशाच्याही वर आर्क्टिक, आणि अलास्काकडून खाली. या दोऱ्याची लांबी सुमारे १३,००० किलोमीटर भरते. दिल्लीहून मोजलं तर सुमारे १२,४००. ताशी ९०० किलोमीटरने भागलं तर चौदा तासांच्या आसपास उत्तर येतं. मुलांना प्रवासाआधी हा दोऱ्याचा प्रयोग जरूर दाखवा, समोरच्या पडद्यावरचा नकाशा मग त्यांना कळतो.

पण विमान दोऱ्यावरून जात नाही. तिबेटचं पठार सरासरी ४,५०० मीटर, म्हणजे जवळपास १५,००० फूट उंच आहे. केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला तर वैमानिकाला काही मिनिटांत १०,००० फुटांपर्यंत खाली यावं लागतं, कारण प्रवाशांच्या मास्कमधला ऑक्सिजन थोडाच वेळ पुरतो. खाली पठारच इतकं उंच असेल तर उतरायचं कुठे? म्हणून प्रवासी विमानं शक्यतो तो भाग टाळतात. दुसरं कारण देशादेशांची भांडणं. २०१९ मध्ये फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत पाकिस्तानचं आकाश बंद होतं, २०२५ च्या एप्रिलपासून भारतीय कंपन्यांना ते पुन्हा बंद झालं. २०२२ पासून अमेरिकी कंपन्यांना रशियावरून जाता येत नाही. त्यामुळे त्याच दोन शहरांमधलं विमान एका वर्षी एका वाटेने जातं आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या, आणि तुमच्या चुलतभावाने सांगितलेला वेळ तुमच्या तिकिटावर दिसत नाही.

तिसरं कारण वारा, आणि हे मला सगळ्यात विलक्षण वाटतं. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे असतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को हे एअर इंडियाचं थेट विमान २०१५ च्या डिसेंबरात सुरू झालं तेव्हा ते अटलांटिकवरून जायचं, वाट सुमारे १३,९०० किलोमीटरची. २०१६ च्या ऑक्टोबरात त्यांनी ते पूर्वेकडून, म्यानमार, चीन, जपान करत पॅसिफिकवरून नेलं. वाट १५,३०० किलोमीटर, म्हणजे १,४०० किलोमीटरने लांब, तरी साडेचौदा तासांत पोचलं, आधीपेक्षा लवकर. वारा पाठीशी होता. परतीचं विमान अटलांटिकवरून, तेही पूर्वेकडेच. म्हणजे जाऊन-येऊन अख्खी पृथ्वीप्रदक्षिणा! २०२१ च्या जानेवारीत कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या सहकारी महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्को ते बेंगळुरू हे विमान उत्तर ध्रुवावरून नेलं, दोन शहरांमधलं सरळ अंतर सुमारे १४,००० किलोमीटर, उड्डाण सतरा तासांचं. हे सगळं सांगायचं कारण एवढंच की तिकीट निवडताना किलोमीटर बघून वेळेचा अंदाज बांधू नका. तिकिटावर छापलेला एकूण वेळ बघा, आणि तोही त्याच महिन्याचा.

वाट कुठली निवडावी? मला विचाराल तर आई-वडील असोत की लहान मुलं, दिल्लीहून थेट. एकदा बसलं की उतरायचं. मुंबई इंदूरपासून हवाई अंतराने सुमारे ५०० किलोमीटर, सव्वा तास. पण तिथून इकडचं थेट विमान त्या हंगामात आहे का, वाटेत इंधनासाठी थांबतं का, हे बघूनच ठरवा. आखातातून यायचं तर इंदूर–दुबई सुमारे २,१०० किलोमीटर, आणि दुबईहून सॅन फ्रान्सिस्को पुन्हा १३,००० किलोमीटर. म्हणजे इंदूरहून सरळ जितकं आहे तितकंच दुबईहूनही उरतं! खूप जणांना वाटतं की दुबई गाठली म्हणजे थोडी वाट सरली. इंदूरहून दुबईला थेट विमान २०१९ च्या जुलैत सुरू झालं तेव्हा आपल्याकडे केवढा आनंद झाला होता. पण अशी विमानं आठवड्यातून मोजके दिवसच असतात, आणि आखातात पुढच्या विमानापर्यंत किती तास थांबायचंय हे बघितल्याशिवाय त्या आनंदात तिकीट काढू नका. शारजा आणि दुबई हे दोन वेगळे विमानतळ आहेत, मधलं अंतर इमिग्रेशन ओलांडून, सामान घेऊन, रस्त्याने कापावं लागतं. कागदावर ते शेजारी शेजारी दिसतात, सत्तर वर्षांच्या काकूंना ते शेजारी वाटत नाहीत.

युरोपमार्गे बरं पडतं, कारण प्रवास दोन जवळजवळ सारख्या तुकड्यांत वाटला जातो. फक्त त्या देशात नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो का, ते आधी बघा.

आता जे मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते. इंदूर–दिल्ली वेगळं तिकीट आणि दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को वेगळं तिकीट, असं कधीही काढू नका. दोन-पाच हजार रुपये वाचतात म्हणून लोक हे करतात, आणि आपलीच माणसं त्यांना हे शिकवतात. एकाच पीएनआरवर दोन्ही विमानं असली की पहिलं उशिरा पोचल्यामुळे दुसरं चुकलं, तरी तुम्हाला पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी कंपनीची. बॅगही इंदूरलाच पुढच्या प्रवासाची चिठ्ठी लावून जाते. दोन वेगळी तिकिटं असली की दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत. तिकीट गेलं, आणि बहुतेक वेळा त्याच तिकिटावरचा परतीचा प्रवासही रद्द होतो. हे परतीचं कुणाच्या लक्षातच येत नाही.

आमच्या ओळखीतलं एक जोडपं, मुलीच्या बाळंतपणाला निघालेलं. जावयाने स्वस्तात पडेल म्हणून वेगळी तिकिटं काढली होती, मध्ये तीन तास ठेवले होते. जानेवारीचे दिवस. दिल्लीत धुकं. इंदूरचं विमान इंदूरलाच उभं राहिलं, आणि ते दिल्लीला पोचले तेव्हा पुढचं विमान जाऊन बराच वेळ झाला होता. ऐन वेळेच्या दोन नव्या तिकिटांना, हॉटेलला आणि परतीच्या तिकिटांना जो पैसा गेला तो वाचवलेल्या पैशाच्या कितीतरी पट होता. पैशाचं एक वेळ सोडा. काकू दिल्लीच्या विमानतळावर रात्रभर खुर्चीत बसून होत्या, आणि इकडे नातू त्या पोचायच्या आत जन्मला. हे टाळता आलं असतं, म्हणून मी ज्याला त्याला सांगते, आणि ज्यांना कंटाळा येतो त्यांनाही सांगते.

डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत दिल्लीमार्गे येणार असाल तर एकाच तिकिटावरसुद्धा मध्ये पाच-सहा तास ठेवा. इंदूरहून पहाटेचं विमान शक्यतो नको, त्या वेळी धुकं सगळ्यात दाट असतं. दुपारचं घ्या आणि दिल्लीत निवांत बसा. काही कारणाने तिकिटं वेगळी काढावीच लागली, तर आदल्या दिवशी दिल्लीला जाऊन मुक्काम करा. दिल्लीत टर्मिनल एक बाकीच्या टर्मिनलांपासून काही किलोमीटर लांब आहे, मुंबईतही देशांतर्गत विमान सांताक्रूझच्या टर्मिनलवर उतरलं तर सहारच्या टर्मिनलपर्यंत रस्त्याने जावं लागतं. तो वेळ तिकिटावर छापलेला नसतो.

आपल्या लोकांची एक सवय मला पटत नाही. मंडळाच्या कार्यक्रमात भेटले की तिकीट किती स्वस्त मिळालं ते सांगतात, पण आई-बाबा मधल्या विमानतळावर अकरा तास बसून होते, हे सांगत नाहीत. एकटा पंचविशीतला मुलगा असेल तर अकरा तासांचा थांबा चालतो. आयुष्यभर मुलांसाठी काटकसर केलेल्या माणसांना त्यांच्या पहिल्याच परदेश प्रवासात आणखी काटकसर करायला लावू नये. उलट बाजूही सांगते: याच आपल्या लोकांपैकी कितीतरी जण ओळख नसताना पहाटे साडेपाचला गाडी काढून विमानतळावर येतात, थर्मासमध्ये चहा घेऊन. या देशात शेजारी शेजाऱ्याला विमानतळावर सोडायला सहसा जात नाही. आपले जातात, आणि ती रीत टिकावी असं मला मनापासून वाटतं.

सामानाबद्दल तीनच गोष्टी. अमेरिकेत ज्या विमानतळावर पहिल्यांदा उतराल तिथेच बॅगा घ्यायच्या, कस्टममधून काढायच्या आणि पुढच्या विमानासाठी पुन्हा द्यायच्या, म्हणून न्यूयॉर्क किंवा शिकागोमार्गे येणाऱ्यांनी तिथे तीन तास तरी ठेवावेत. (अबू धाबीहून येणाऱ्यांची तपासणी मात्र तिथेच उरकते, २०१४ पासून ती सोय आहे.) शेव, जिरावन मसाला, घरचं लोणचं आणा, फक्त कस्टमला खाण्याचे पदार्थ आहेत असं खरं सांगा, ताजी फळं, कढीलिंब, मांसाचे पदार्थ नकोत. आणि तिसरी गोष्ट दुबई, शारजा, अबू धाबीमार्गे येणाऱ्यांसाठी: खसखस चुकूनही बरोबर नको. तिथे ती अमली पदार्थांत मोजतात आणि शिक्षा कडक आहे. दिवाळीला निघालेल्या आईच्या डब्यात अनारसे असतात, आणि अनारशांना खसखस असते, हे ऐन गडबडीत कुणाला आठवत नाही.

वडीलधाऱ्यांसाठी व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा. "मला चालता येतं" असं बाबा म्हणतील, त्यांचं ऐकू नका. चालायला येतं की नाही हा प्रश्न नाही, परक्या विमानतळावर योग्य दारापाशी वेळेत नेणारा माणूस बरोबर असतो, हे महत्त्वाचं. मधल्या पट्ट्याच्या कडेची खुर्ची घ्या, दर दीड-दोन तासांनी उठून फेरी मारायची, पाणी पीत राहायचं. पायांत रक्ताची गाठ होण्याचा धोका इतक्या लांबच्या प्रवासात खरोखर असतो, त्यामुळे ज्यांना आधी त्रास झालाय त्यांनी डॉक्टरांना विचारून घट्ट मोजे घालावेत. इन्शुलिन आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचं वेळापत्रक इंदूरच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या, कारण "सकाळची गोळी" म्हणजे कुठली सकाळ, हा गोंधळ होतोच. औषधं हातातल्या बॅगेत, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट.

आता घड्याळ. हिवाळ्यात इंदूर आपल्यापेक्षा साडेतेरा तास पुढे असतं, उन्हाळ्यात साडेबारा. हिशोब सोपा आहे: इथले सकाळचे आठ असतील तर तिथले रात्रीचे आठ समजा, आणि हिवाळ्यात दीड तास, उन्हाळ्यात अर्धा तास वाढवा. म्हणजे हिवाळ्यात साडेनऊ, उन्हाळ्यात साडेआठ. इथली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. भारतात असं काही होत नाही, त्यामुळे त्या आठवड्यात आजी फोनपाशी बसून राहते. तिला आधीच सांगून ठेवा. सणांच्या बाबतीतही जपा. तिथी सुरू होण्याचा क्षण जगभर एकच असला तरी सूर्योदय वेगळा, त्यामुळे इथे सण कधी कधी एक दिवस आधी येतो, आणि संकष्टीचा चंद्रोदय तर इथलाच बघायचा. इंदूरहून आणलेल्या कॅलेंडरवरून उपास सोडू नका.

तारखांचा खरा घोळ परतीत होतो. येताना दिल्लीहून पहाटे चारला निघालात आणि सोळा तास उडालात, तर हिवाळ्यात त्याच तारखेला सकाळी साडेसहाला इथे उतरता. दिवस पुन्हा नव्याने मिळतो. जाताना तो परत द्यावा लागतो. समजा १० तारखेला रात्री नऊला इथून निघालात. तेव्हा इंदूरला ११ तारखेचे सकाळचे साडेदहा झालेले असतात. सोळा तासांनी दिल्लीला उतराल तेव्हा १२ तारखेचे पहाटेचे अडीच. तिथे बॅगा घेऊन, कस्टम ओलांडून, सकाळचं विमान पकडून इंदूरला घरी पोचायला दुपार. म्हणजे १२ तारखेच्या सकाळचा मुहूर्त तुम्ही गाठू शकत नाही. लग्न, मुंज, वर्षश्राद्ध, काहीही असो, कार्याच्या दिवसाच्या तीन तारखा आधी इथून निघायचं, आणि शक्य असेल तर चार.

नव्या नोकरीवर रुजू होणाऱ्यांनी सोमवारी हजर व्हायचं असेल तर आधीच्या बुधवारी किंवा गुरुवारी उतरा. रविवारी उतरून सोमवारी ऑफिसला जाणारे दुपारी दोनला मीटिंगमध्ये पेंगतात, कारण शरीराच्या लेखी तेव्हा मध्यरात्र उलटून गेलेली असते. इथली माणसं कामात समजूतदार आहेत, पण पहिल्या आठवड्यातली तुमची छाप पुढे बराच काळ चालते. दिवसा उन्हात चाला, दुपारी झोपलात तर अर्ध्या तासाचा गजर लावून. आणि पहिला आठवडाभर हायवेवर गाडी स्वतः चालवू नका. विमानतळावरून थेट भाड्याची गाडी घेऊन निघणारे तरुण मी बघते, आणि मला धडकी भरते. सॅन फ्रान्सिस्को विमानतळावरून बार्ट रेल्वे आहे, ती घ्या, किंवा आमच्यापैकी कुणाला फोन करा.

एक अवघड गोष्टही सांगितली पाहिजे. घरून वाईट बातमी आली, आणि त्याच रात्रीच्या विमानात जागा मिळाली, तरी इंदूरच्या घरी पोचेपर्यंत तिथली तिसरी तारीख लागते. घरच्यांनी थांबायचं का, याचा निर्णय त्या घाईत घ्यावा लागू नये, म्हणून भावंडांनी एकमेकांशी हे आधीच बोलून घ्यावं. पासपोर्टची मुदत बघत राहा. ज्यांचा व्हिसाचा शिक्का संपलाय, किंवा जे विद्यार्थी म्हणून आले आणि नंतर इथेच नोकरीच्या व्हिसावर गेले, त्यांना परत येण्याआधी भारतात नवा शिक्का घ्यावा लागतो, आणि इंदूरला अमेरिकेचं वाणिज्य दूतावास कार्यालय नाही, मुंबई किंवा दिल्ली गाठावी लागते. तुमचा शिक्का कुठल्या तारखेपर्यंत आहे, हे आजच उघडून बघा.

आई-बाबा एकटे येणार असतील तर एक कागद हिंदी आणि इंग्रजीत लिहून त्यांच्या पर्समध्ये ठेवा. पीएनआर, प्रत्येक विमानाची निघायची आणि पोचायची वेळ त्या त्या गावच्या घड्याळाप्रमाणे, तुमचा पूर्ण पत्ता, दोन फोन नंबर, औषधांची नावं, आणि परतीच्या तिकिटाची तारीख. इमिग्रेशनचा अधिकारी विचारतो, किती दिवस राहणार? "मुलगा म्हणेल तोपर्यंत" हे उत्तर आपल्याकडे प्रेमाचं असतं, तिथे ते अडचणीचं ठरतं. परतीची तारीख सांगायची, कागद दाखवायचा. घरी पोचल्यावर त्यांची आय-९४ नोंद (अमेरिकेत शिरल्याची सरकारी नोंद) ऑनलाइन उघडून, राहायची परवानगी कुठल्या तारखेपर्यंत दिली आहे ते बघा, आणि परतीचं विमान त्या तारखेच्या निदान आठवडाभर आधीचं असू द्या.